ओढेल हो, पण थांबवणार कोण?

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा. विषय हौसेचा आहे, पण किंमत पोराबाळांच्या जिवाची आहे.

आपल्या भागात सध्या एक नवी हौस शिरली आहे. एसयूव्हीच्या मागं जोडायची कॅरव्हॅन. म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, जमलं तर संडास-बाथरूमसुद्धा. मोबाईलवर रील बघायची, परदेशातलं एखादं कुटुंब तळ्याकाठी खुर्च्या टाकून चहा पितंय, मागं पांढरीशुभ्र कॅरव्हॅन उभी. झालं, यंदाच्या मे महिन्यात आपणही गुहागरला असंच जायचं! मग कुणी तयार कॅरव्हॅनची चौकशी करतो, तर कुणी थेट एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडं जाऊन "बारा फुटी बनवून दे" म्हणतो.

हौसेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. उसाच्या बिलातून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून चार पैसे शिल्लक टाकून कुणी घरच्यांना फिरवत असेल, तर नाकं मुरडायचं कारण नाही. उलट फायदेच आहेत. हायवेवर बायकांना स्वच्छतागृहासाठी किती हाल काढावे लागतात हे घरातल्या बाईला विचारा. सत्तरीतल्या आईला हॉटेलचे जिने चढवत नाहीत. लहान लेकरू असलं की दूध गरम करायची सोय लागते. हे सगळं कॅरव्हॅन सोडवते. घ्या की, जरूर घ्या.

माझं भांडण पहिल्या प्रश्नाशी आहे. कॅरव्हॅन घ्यायचं ठरवलं की प्रत्येक जण एकच विचारतो, "आपली गाडी ओढेल ना?" मग विकणारा, बनवणारा, मित्र, मेव्हणा सगळे एका सुरात म्हणतात, "आरामात ओढेल! एवढं डिझेल इंजिन आहे, काय चेष्टा आहे का?" विषय संपला. पुढची सगळी चर्चा एसी कुठल्या कंपनीचा आणि पलंगाला फोम किती इंची.

ओढेल हो. आजची कुठलीही दणकट एसयूव्ही टनभर वजन सपाट रस्त्यावर सहज ओढेल. पण कुंभार्ली घाटाच्या उतारावर, समोर अचानक एसटी थांबली, तेव्हा ते टनभर वजन थांबवणार कोण?

एक उदाहरण देतो, कारण ते आपल्याच दारातल्या गाडीचं आहे. महिंद्राची जी नवी स्कॉर्पिओ आपल्याकडं 'एन' नावानं विकली जाते, ती ऑस्ट्रेलियातही विकतात. तिथं कॅरव्हॅन ओढणं ही रोजची गोष्ट, त्यामुळं गाडीच्या माहितीत ओढायचं वजन लिहावंच लागतं. तिथला आकडा आहे २,५०० किलो. पण कधी? मागच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ट्रेलरला ब्रेक नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, तोच रस्ता, आणि आकडा खाली येतो ७५० किलोवर. तीन पटींहून जास्त फरक. इंजिन कमजोर झालं का? नाही. ओढण्याचा आणि थांबवण्याचा हिशोब वेगवेगळा आहे म्हणून. युरोपातही ७५० किलोच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत.

आणि हो, ऑस्ट्रेलियातले आकडे वाचून लगेच "बघा, अडीच टन ओढते" म्हणत सुटू नका. इथल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याबद्दल काय लिहिलंय तेच इथं खरं. काही लिहिलं नसेल, किंवा ओढू नका असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. ते मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतं. शोरूममधून पेढे वाटत आणलेल्या वीस-पंचवीस लाखांच्या गाडीचं ते पुस्तक किती जणांनी उघडलंय?

आता वजनाचं बोलू. ही गोष्ट आपल्या आजोबांना कळत होती, आपण विसरलो. बैलगाडी भरताना जाणता माणूस ओझं कसं ठेवायचा? सगळं पुढं टाकलं तर बैलांच्या मानेवर येतं. सगळं मागं टाकलं तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. म्हणून थोडंसं ओझं मानेवर येईल इतपत पुढं ठेवून गाडी भरायची. कॅरव्हॅनचं शास्त्र हेच. तिच्या एकूण वजनाचा काही भाग हुकावर, म्हणजे एसयूव्हीच्या मागच्या टोकावर यावाच लागतो. अमेरिकेत साधारण १० ते १५ टक्के धरतात, ब्रिटनमध्ये त्यांच्या हलक्या कॅरव्हॅनला ५ ते ७ टक्के. आपल्या कॅरव्हॅनला किती, हे बनवणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं. हुकावर यापेक्षा कमी आलं तर कॅरव्हॅन उलाळ होते, आणि उलाळ कॅरव्हॅन ऐंशीच्या वेगात डुलायला लागते. शेजारून व्होल्वो बस सपकन गेली, हवेचा धक्का बसला, की मागचा डबा डावी-उजवीकडं झोके घेतो, एसयूव्हीची शेपटी धरून हलवतो. माणूस घाबरून जोरात ब्रेक मारतो, स्टिअरिंग फिरवतो, आणि पुढची गाडी न् मागची कॅरव्हॅन अडकित्त्याच्या पात्यांसारख्या मिटतात. अशा वेळी करायचं असतं ते उलट: स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा, आणि कॅरव्हॅनच्या ब्रेकला गाडीत वेगळं बटण असेल तर फक्त ते ब्रेक हलके लावायचे. ही गोष्ट विकणाऱ्यानं शिकवायला हवी. तो म्युझिक सिस्टीम वाजवून दाखवतो.

आता दुसरी बाजू. हुकावर येणारं हे वजन कुणाच्या खात्यात जातं? एसयूव्हीच्या. समजा गाडीनं माणसं-सामान मिळून ५५० किलो न्यायची परवानगी आहे. पाच माणसं ३५० किलो. डिकीत सामान ८०. टपावर कॅरिअर आणि त्यावरच्या बॅगा ५०. हूक आणि त्याचा लोखंडी सांगाडा ३०. झाले ५१०. उरले ४०. आता १,२०० किलोच्या कॅरव्हॅनचं हुकावरचं वजन १० टक्क्यांनी धरलं तरी १२० किलो. म्हणजे गाडी ८० किलो जास्त भरली, आणि तेही सगळ्यात वाईट जागी, मागच्या चाकांच्याही मागं. गाडीचं तोंड वर उचललं जातं. पुढच्या चाकांवरचं ओझं कमी झालं की स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक पकड घेत नाही, आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. वरून गाडी मस्त ओढतेय, गाणी चालू आहेत, कुणालाच काही कळत नाही.

कॅरव्हॅनचं १,२०० किलो वजनसुद्धा खरं असेलच असं नाही. पाण्याची टाकी ८० लिटरची भरली की ८० किलो वाढले. घरातला भरलेला गॅस सिलिंडर आत ठेवला की जवळपास ३०. बॅटऱ्या, गाद्या, तांदूळ, पिठाचा डबा, पोरांच्या सायकली. बनवणाऱ्यानं सांगितलेलं वजन रिकाम्या डब्याचं असतं. भरलेलं वजन तुम्ही स्वतः बघायचं असतं.

आणि इथं मला हसू येतं. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं. काट्यावरून आपल्याकडं आंदोलनं झाली, काटामारीवरून निवडणुका लढल्या गेल्या. टनामागं पाच किलो इकडं-तिकडं झाले तर आपण चेअरमनची कॉलर धरू. पण स्वतःच्या पोरांना बसवून जी गाडी घाटात घालायची, तिचं वजन आपण आयुष्यात एकदाही केलेलं नसतं! तालुक्यात काट्यांना तोटा नाही. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान भरून, माणसं बसवून काट्यावर जा. आधी फक्त एसयूव्ही. मग फक्त कॅरव्हॅन, सोडवलेली, पुढच्या छोट्या टेकूचाकासकट काट्यावर उभी. मग कॅरव्हॅन गाडीला जोडून, गाडी काट्याच्या बाहेर आणि फक्त कॅरव्हॅनची मोठी चाकं काट्यावर. कॅरव्हॅनच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचं वजन. तेवढं एसयूव्हीच्या वजनात मिळवा आणि मॅन्युअलमधल्या कमाल वजनाशी ताडून बघा. ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलो इकडं-तिकडं होतील, ते धरून चाला. अर्ध्या तासाचं काम. ब्रिटनमध्ये नवख्या माणसाला एक साधा सल्ला देतात: भरलेली कॅरव्हॅन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. तिथले घाट आपल्यापेक्षा बरे आहेत, तरी हा सल्ला.

घाटाचं वेगळं सांगायला हवं का? कोकणात उतरायचं म्हणजे कुंभार्ली, आंबा, आंबोली, काही ना काही आहेच. भरलेली एसयूव्ही अडीच टन आणि मागं सव्वा टनाची ब्रेक नसलेली कॅरव्हॅन, म्हणजे गाडीच्या ब्रेकला दीडपट काम. तेही सलग आठ-दहा किलोमीटर उतारावर. ब्रेक तापतात, लायनरचा वास येतो, पेडल मऊ पडतं, मग ब्रेक लागतच नाहीत. आपले जुने ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हे कळायला इंजिनिअर व्हायला लागत नाही. उलट डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे शहाणे आपल्यातच आहेत. नवले पुलाचा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकमुळं ४८ गाड्यांचं नुकसान झालं. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की लागणारा तो उतार काही सह्याद्रीचा कडा नाही. तिथं ही गत, तर कुंभार्लीत काय होईल?

आता मला माहीत आहे, पुढचं वाक्य काय येणार. "अहो, आपल्याकडं ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस जातो. वीस-पंचवीस टन. त्यांना काय होतंय?"

काय होतंय? ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा कुठलाही पेपर उघडा. "उसाच्या ट्रॉलीला धडकून दुचाकीस्वार ठार." हा मथळा आपल्या भागात इतका नेहमीचा झालाय की वाचणारा पान उलटतो. त्या मथळ्याची भाषा बघा. धडकला कोण? दुचाकीवाला. ट्रॉलीला मागं दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, की चिखलानं माखला होता? बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात दगड लावून रात्रभर उभी होती का? नंबर होता का? ब्रेक होता का? पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, बातमीत कोण, काय, कुठं, कधी, का आणि कसं हे सहा प्रश्न सुटले पाहिजेत. अपघाताच्या बातमीत चार सुटतात. 'का' आणि 'कसं' पोलीस पंचनाम्यात मरून पडतात, आणि दोष मेलेल्या माणसावर जातो.

ट्रॉलीचं उदाहरण देणाऱ्यांना आणखी एक सांगतो. ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं चालतो. कॅरव्हॅन तुम्ही हायवेला ऐंशीनं नेणार. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते, हे दहावीच्या पुस्तकात आहे. वेग वीसचा ऐंशी झाला तर सोळापट! ट्रॉली ओढणारा ड्रायव्हर तुमच्या-माझ्यापेक्षा हजारपट अनुभवी असतो, हेही विसरू नका. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या गेटमधून रिव्हर्स घेणारी पोरं आपल्याकडं आहेत. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे त्यांच्या हाताला माहीत असतं. ऑफिसातून सुट्टी काढून गुहागरला निघालेल्या माणसाच्या हाताला ते माहीत नसतं. तेव्हा कॅरव्हॅन घेतलीच तर त्यातल्या एखाद्या पोराला मानानं बोलवा, रविवारी बाजार समितीच्या मोकळ्या आवारात चार तास शिका. त्याला गुरुदक्षिणा द्या. वळताना कॅरव्हॅन आतल्या बाजूनं कापून येते, हेही तोच शिकवेल. नाही शिकलात तर पहिल्याच चौकात टपरी पाडाल.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. "आईला मागं कॅरव्हॅनमध्येच झोपवून नेऊ, तेवढाच तिच्या कमरेला आराम." "पोरं मागं कार्टून बघत बसतील." हे वाक्य मी एकाकडून नाही, अनेकांकडून ऐकलंय, आणि बोलणारी सगळी शिकलेली माणसं.

हे करू नका. कधीच करू नका. मागं जोडलेल्या कॅरव्हॅनमध्ये चालू प्रवासात माणूस बसवणं ब्रिटनमध्ये बेकायदेशीर आहे. कारण साधं आहे. तिथं सीट बेल्ट नाही, एअरबॅग नाही, भिंती पातळ पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या. शेगडी, फ्रिज, कपाटातली भांडी सगळी उडायच्या तयारीत. हूक निसटला तर पुढच्याला मागून ओरडलेलंही ऐकू येणार नाही. कॅरव्हॅन ही उभी असताना घर असते. चालताना ती सामान आहे, आणि सामानाबरोबर माणूस ठेवायचा नसतो.

पण आपल्याला यात वावगं का वाटत नाही? कारण आपण वर्षानुवर्षं ट्रॉलीत माणसं बघत आलोय. जोतिबाची चैत्र यात्रा ट्रॉलीतून. लग्नाचं वऱ्हाड ट्रॉलीतून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दर दिवाळीच्या आसपास बीड, नगरकडून जी ऊसतोड मजुरांची कुटुंबं आपल्या कारखान्यांवर येतात, ती कशातून येतात? भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या, गरोदर बाई, तान्हं लेकरू, सगळं एका ट्रॉलीत, रात्रभर, शेकडो किलोमीटर. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या वर्गाची पहिली 'फॅमिली कॅरव्हॅन' हीच आहे, आणि ती कुणी हौसेनं घेतलेली नाही. त्यांच्या पोरांना ट्रॉलीत बसवलेलं आपल्या डोळ्यांना चाललं, म्हणून आज स्वतःच्या पोरांना मागच्या डब्यात बसवायचा विचार आपल्या मनाला टोचत नाही. सवय अशीच लागते. आधी दुसऱ्याच्या जिवाची किंमत कमी होते, मग आपल्या.

आता कायद्याकडं वळतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन मानलेलं आहे. म्हणजे त्याची नोंदणी लागते, त्याला नंबर लागतो. "गाडीचा नंबर आहे की, मागच्याला कशाला?" हे चालत नाही. दुसरी गोष्ट, त्याच कायद्याचं कलम ५२. गाडी कंपनीनं जशी बनवली त्यात परवानगीशिवाय मूळ बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही केरळच्या एका प्रकरणात हे ठणकावलंय. तरी आपल्याकडं काय चालतं? फॅब्रिकेटर बंपरच्या मागं चॅनेल वेल्ड करतो, त्यावर लोखंडी गोळा बसवतो, वर काळा रंग मारतो. "दादा, हत्ती बांधा, तुटणार नाही." कुठल्या वजनाला तपासला? कुणी तपासला? वेल्डिंग आतून किती धरलंय ते एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाच दिसत नाही. बंद पडलेल्या जीपला टोचन लावून गॅरेजपर्यंत न्यायला तो हूक ठीक असेल. घरच्या माणसांसह घाटात न्यायला तो हूक ठीक नाही.

आणि विमा. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, म्हणून कंपनीनं हात वर केले, अशी भांडणं अपघात न्यायाधिकरणांत नेहमीची आहेत. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला आणि कॅरव्हॅन विम्यात नसेल, तर भरपाई कशातून देणार? शेत विकून. कॅरव्हॅनचा विमा वेगळा विचारा, लेखी घ्या, गाडीला हूक बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. एजंट "काही होत नाही हो" म्हणाला तर त्याला तेच वाक्य कागदावर लिहून सही करायला सांगा. करत नाही तो.

सरकारचंही बोललं पाहिजे, नाहीतर सगळा शहाणपणा गरीब-मध्यमवर्गालाच शिकवतोय असं होईल. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅरव्हॅन पार्क होणार, गुंतवणूकदारांना सवलती मिळणार, पर्यटन वाढणार. चांगली गोष्ट. पण पर्यटन खात्यानं बोलावलेला पाहुणा येणार कुठल्या रस्त्यानं? आपल्याच. मग मला सांगा, आपल्या तालुक्यातून कोकणात उतरताना घाटाच्या तोंडाशी "ट्रेलर जोडलेल्या वाहनांनी लहान गिअर टाका, ब्रेक तपासा" असा एक फलक कुठं दिसतो का? ब्रेक तापले तर बाजूला घ्यायला रुंद जागा किती ठिकाणी आहे? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ट्रेलर जोडून चालवायला कुणी शिकवतं का? परवाना काढताना मैदानात आठचा आकडा काढायला लावतात तो रिकाम्या मारुतीत. धोरण मुंबईत होतं, घाट आपल्या वाट्याला येतो.

आरटीओ खात्याला तर दोन वेगवेगळे डोळे आहेत असं वाटतं. हेल्मेट नसलेला शेतकरी त्यांना दोनशे मीटरवरून दिसतो. अंधारात बिनदिव्याच्या दोन ट्रॉल्या आणि बंपरला वेल्ड केलेला गोळा मात्र समोर उभं राहूनही दिसत नाही. गळीत हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, हार घातले जातात. जानेवारीत जाऊन बघा, त्यातले किती रिफ्लेक्टर जागेवर आहेत. मी या हंगामात बघणार आहे, मोजणार आहे, आणि आकडा इथंच टाकणार आहे.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत.

आरटीओनं आपल्या भागात बनणाऱ्या प्रत्येक कॅरव्हॅनची आणि बसवल्या जाणाऱ्या हुकाची तपासणी सुरू करावी. बनवणाऱ्याचं नाव, कमाल वजन आणि हुकावरचं वजन लिहिलेली पट्टी दारावर ठोकलेली असल्याशिवाय नोंदणी देऊ नये.

कारखान्यांनी गेटवर एकच नियम लावावा: मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही. बघा चोवीस तासांत दिवे लागतात की नाही. आणि मजुरांच्या कुटुंबांना आणायला एसटी किंवा बस लावावी. पोतं आणि माणूस एका गाडीत आणणं आता बंद करावं.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी ट्रेलर चालवायचा दोन दिवसांचा वर्ग काढावा. शिकवायला आपलेच ट्रॅक्टरचे ड्रायव्हर घ्यावेत, आणि त्यांना मास्तरचा पगार द्यावा.

आणि जे घरात बसून पहिल्या कॅरव्हॅनचं स्वप्न बघताय, त्यांना एवढंच. आधी मॅन्युअल उघडा, मग कॅरव्हॅन बघायला जा. शक्य तेवढी छोटी घ्या. दोन माणसं आत आणि दोन तंबूत झोपली तर काही बिघडत नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न ब्रेकचा विचारा. कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहेत का, हूक निसटला तर ते ब्रेक आपोआप लावणारी केबल आहे का, हुकाखाली दोन साखळ्या आहेत का, मागचे दिवे गाडीच्या दिव्यांबरोबर लागतात का. कॅरव्हॅनची मागची बाजू दिसेल असे लांब आरसे गाडीला लावा. जड सामान कॅरव्हॅनच्या चाकांच्या वर, तळाला ठेवा. गॅसची तोटी निघताना बंद. पहिला प्रवास जवळचा, सपाट रस्त्याचा, दिवसाउजेडी. घाट तिसऱ्या-चौथ्या खेपेला. माणसं सगळी पुढं, पट्टे लावून, आईसुद्धा. वाटेत दर दोन तासांनी थांबून तिला पाय मोकळे करू द्या, तेवढा वेळ सगळ्यांकडं असतो.

या सगळ्याला जर कुणी म्हणालं की "एवढं कोण बघत बसतो", तर त्यांनी कॅरव्हॅन घेऊ नये. कोकणात घरगुती खोल्या मिळतात, सकाळी गरम घावन मिळतं, आणि घाटात मागं कुणाला ओढायचं नसतं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कुठं चुकतोय ते सांगा, पण वजनाचे आकडे घेऊन या. काट्याची पावती असली तर उत्तम.